विश्लेषण : रायफल आणि तोफांचे कारखाने पर्समधल्या रिव्हॉल्व्हरकडे का वळले?

चिंतामणीच्या कळंबमध्ये किंवा शेजारच्या राळेगावात ‘बंदूक’ म्हटली की डोळ्यांसमोर लांब नळीचीच बंदूक येते. कपाशी, तूर आणि सोयाबीन रानडुक्कर व रोह्यांपासून वाचवण्यासाठी रात्री जागलीला जाणाऱ्याच्या खांद्यावरची भरमार किंवा बारा बोअर. खिशात किंवा पर्समध्ये मावणारे शस्त्र हा शहरातला, किंवा सिनेमातला विषय. पण गेल्या दहा-बारा वर्षांत देशातील सरकारी शस्त्र कारखान्यांनी नेमक्या याच छोट्या शस्त्राकडे लक्ष वळवले. त्यातला एक कारखाना तोफांच्या नळ्या बनवणारा, तर दुसरा शतकाहून अधिक काळ रायफली बनवणारा. हे का घडले आणि सामान्य परवानाधारकाला त्याचा उपयोग किती?

हे कारखाने कोणते?

पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत १९०४ पासून रायफली तयार होतात. पॉइंट ३०३, नंतर ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल आणि पुढे इन्सास, अशा भारतीय जवानांच्या हातातल्या कित्येक पिढ्यांच्या रायफली याच गावातल्या. सामान्य नागरिकांना परवान्यावर मिळणारी पॉइंट ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफलही ईशापूरचीच. कानपूरची फील्ड गन फॅक्टरी त्याहून जड कामाची. रणगाड्यांच्या आणि मैदानी तोफांच्या नळ्या ही तिची खासियत.

जानेवारी २०१४ मध्ये या तोफांच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर आणले. बोअर पॉइंट ३२, वजन ५०० ग्रॅम, सांगाडा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देशभर ‘निर्भया’ हे नाव घराघरात पोहोचले होते. रिव्हॉल्व्हरचे नाव त्यालाच जोडून ठेवले गेले आणि ‘महिलांसाठीचे शस्त्र’ म्हणून त्याची जाहिरात झाली. दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत ते मिळत असे. किंमत एक लाख २२ हजार रुपयांच्या वर. त्यानंतर ईशापूरच्या रायफलवाल्यांनी ‘निडर’ आणले. ते पॉइंट २२ बोअरचे, वजन अवघे २५० ग्रॅम आणि निर्भीकपेक्षा बरेच स्वस्त.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. वरचे दोन्ही कारखाने कानपूरच्या ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या कंपनीत गेले. या कंपनीने १८ ऑगस्ट २०२३ रोजी ‘प्रबल’ हे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, पल्ला ५० मीटर असल्याचा कंपनीचा दावा. यात काडतुसांचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे भरणे सोपे.

लष्कराची मागणी असताना नागरिकांच्या बाजारात कशासाठी?

लष्कराची मागणी लाटेसारखी येते. एक मोठी ऑर्डर संपली की यंत्रे आणि कुशल कामगार मोकळे राहतात, पगार मात्र सुरूच. नागरी शस्त्रांची विक्री संख्येने लहान, पण वर्षभर चालणारी. शिवाय भारतात या बाजाराला एक मोठी भिंत आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची व्यापारी आयात बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेली जुनी परदेशी पिस्तुले हातोहात फिरत राहतात आणि त्यांचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट होतात. मुंगेरसारख्या ठिकाणच्या खासगी कारागिरांना वर्षानुवर्षे बारा बोअरच्या बंदुकांपुरतीच मुभा होती. म्हणजे छोटे शस्त्र नवे घ्यायचे तर गिऱ्हाईकाला सरकारी कारखान्याशिवाय फारसा पर्याय नव्हता. शस्त्र नियम २०१६ नंतर खासगी उत्पादकांना दारे उघडली आणि सरकारी कंपन्यांना स्पर्धेची चाहूल लागली. निर्भीक ते प्रबल हा प्रवास या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. महिलांची सुरक्षा हे त्यातले जाहिरातीचे अंग होते.

अमेरिकेत काय घडले?

तिथली गोष्ट अधिक उघड आहे, कारण तिथे ग्राहकाच्या आवडीवर कारखाने जगतात आणि मरतात. मॉसबर्ग ही कंपनी शॉटगनसाठी ओळखली जाते. १९६१ मध्ये आलेली तिची ‘मॉडेल ५००’ जगातील सर्वाधिक खपाच्या शॉटगनपैकी एक. गंमत अशी की १९१९ मध्ये ऑस्कर मॉसबर्ग यांनी कंपनी काढली तेव्हा पहिले उत्पादन होते ‘ब्राउनी’ नावाचे चार गोळ्यांचे खिशातले पिस्तूल. पुढे कंपनी पूर्णपणे लांब बंदुकांची झाली आणि बरोबर शंभर वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, ‘एमसी-१ एससी’ हे ९ मिलिमीटरचे छोटे पिस्तूल घेऊन परतली.

कारण साधे होते. शिकार करणाऱ्यांची पिढी म्हातारी होत होती आणि अंगावर शस्त्र बाळगणाऱ्यांची संख्या वाढत होती. त्या वर्षी अमेरिकेत तयार झालेल्या पिस्तुलांचा आकडा ३० लाखांच्या आसपास होता, शॉटगन मात्र पाच लाखांहून कमी.

सगळ्यांना हे जमले असे नाही. १८१६ पासूनची रेमिंग्टन कंपनी रायफल आणि शॉटगनमधले मोठे नाव. तिने २०१४ मध्ये, म्हणजे निर्भीक आले त्याच वर्षी, ‘आर-५१’ हे छोटे पिस्तूल आणले. काही महिन्यांतच त्यात दोष निघाले, विकलेली पिस्तुले परत मागवावी लागली आणि सुधारित आवृत्ती यायला २०१६ उजाडले. ही कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली. त्यामागे कर्जासह बरीच कारणे होती. पण दोनशे वर्षांचा अनुभव छोट्या पिस्तुलाला आपोआप लागू होत नाही, हे आर-५१ ने दाखवून दिले.

मोठी बंदूक जमते, मग छोटी अवघड का?

लांब बंदुकीला तीन गोष्टी फुकट मिळतात : वजन, लांबी आणि माणसाचा खांदा. तीनेक किलोच्या बारा बोअरचा धक्का लाकडी दस्त्यातून खांद्यावर पसरतो. लांब नळीमुळे नेम धरताना पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर भरपूर, त्यामुळे हात जरासा हलला तरी चूक लहान राहते. रिव्हॉल्व्हरमध्ये हे सगळेच जाते.

वजनाचे गणित तर निर्दय आहे. तीच गोळी आणि तीच दारू वापरून ७५० ग्रॅमचे शस्त्र ५०० ग्रॅमवर आणले, तर ते मागे उसळण्याचा वेग दीडपट होतो. म्हणजे पर्समध्ये सुखाने राहणारे शस्त्र हातात त्रासदायक ठरते. मनगट दुखते म्हणून सराव टळतो आणि सराव टळला की नेम जातो. ‘निडर’मध्ये पॉइंट २२ ची लहान गोळी वापरण्यामागचे कारण इथे सापडते : वजन २५० ग्रॅमवर आणायचे तर गोळीही हलकी हवी. मग तिची मारक शक्तीही कमी होते. तोफेची नळी बनवणाऱ्याला धातूशास्त्र पक्के ठाऊक असते, त्यामुळे टायटॅनियमचे काम कानपूरला अवघड गेले नसावे. पण चाप किती जड हवा, मूठ कोणाच्या हातात बसणार, शस्त्र खाली पडले तर आपोआप सुटणार नाही ना, हे वेगळेच शास्त्र आहे.

निर्भीकवर टीका कशासाठी झाली?

एक तर किंमत. सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर आणि त्याचा परवाना ज्या घराला परवडतो, त्या घरातली स्त्री रात्री शेवटच्या बसची वाट पाहत उभी असण्याची शक्यता तशी कमीच. दुसरी टीका अधिक मुळाची होती. शस्त्रनियंत्रणासाठी काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांच्यासारख्यांचे म्हणणे असे की, शस्त्र जवळ असल्याने हल्ल्यात जिवाला असलेला धोका घटत नाही, वाढतो. समर्थकांचे उत्तर होते की शस्त्र दिसले तरी हल्लेखोर थबकतो. पण पर्सच्या तळाशी ठेवलेले शस्त्र दिसणार कसे आणि वेळेवर निघणार कसे, यावर त्यांच्याकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते.

कळंबच्या शेतकऱ्याला ते उपयोगी आहे का?

पिकासाठी नाही. निर्भीकचा परिणामकारक पल्ला सुमारे १५ मीटर सांगितला जात असे. अंधारात, पळत्या रानडुकरावर पॉइंट ३२ ची गोळी झाडणे म्हणजे त्याला जखमी करून अंगावर घेणे. शिवाय परवान्याची बंदूक हाती आहे म्हणून वन्यप्राणी मारता येत नाही. त्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. वाघाची गोष्ट तर फारच दूरची. राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ ऊर्फ अवनी वाघिणीला गोळी घातली गेली, तिच्यामागे मोठी सरकारी मोहीम आणि न्यायालयीन लढाई होती.

कायद्यातही लांब बंदूक आणि पिस्तूल यांत फरक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ नुसार स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत आतली बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अन्य अडथळा नसल्यास परवाना द्यावा असा कल आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र ‘योग्य कारण’ पटवून द्यावे लागते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलीस ठाण्यामार्फत. वय २१ पूर्ण हवे. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण हवे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. त्याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. विनापरवाना गावठी कट्टा बाळगणाऱ्याला किमान दोन वर्षे.

आता खर्च किती?

शस्त्राच्या मूळ किमतीवर कर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. मूळ किंमत एक लाख धरली, तर पूर्वी २८ हजार कर पडत असे, आता ४० हजार. काडतुसांचा खर्च वेगळा. पॉइंट ३२ ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावर लिहिलेले असते, त्यामुळे सरावालाही मर्यादा पडते. आणि निवडणूक जाहीर झाली की, विशेष सूट नसेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते.