‘अर्थ’, ‘बॉडी’ आणि ‘शॉर्ट’ : वायुनिलंबनातील विद्युत्-दोषांची चिकित्सा

यंत्रातील दोष काढणे हे हातांचे काम मानले जाते; परंतु त्याचा आरंभ दोषाला नाव देण्यापासून होतो, आणि नाव चुकले की हातही चुकीच्या जागी पोचतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1973 ते 1978 या काळात तयार केलेले जीएमसी मोटरहोम हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

या चालत्या घराच्या मागील भागात प्रत्येक बाजूस एकामागे एक अशी दोन चाके असून त्यांच्या दरम्यान रबराची हवापिशवी बसविलेली असते. विजेवर चालणारा कॉम्प्रेसर पिशव्यांत हवा भरतो. समतोलनाची विद्युत्-योजना असलेल्या गाडीत चालकाजवळच्या स्विचांनी उजवी व डावी बाजू स्वतंत्रपणे उचलता किंवा उतरविता येते. त्यामुळे चढउताराच्या जागेवर मुक्काम पडला तरी घराची जमीन सपाट ठेवता येते. यासाठी लागणारी वीज 12 व्होल्टच्या बॅटरीतून मिळते.

बॅटरीतून निघालेल्या प्रवाहाला यंत्रातून जाऊन बॅटरीकडेच परतावे लागते. मोटारीत तारेची बचत व्हावी म्हणून हा परतीचा मार्ग सामान्यतः पोलादी सांगाड्यातून दिलेला असतो. त्याला इंग्रज ‘अर्थ’ म्हणतो, अमेरिकन ‘ग्राउंड’ म्हणतो, आणि आपल्याकडील कारागीर कधी ‘अर्थ’ तर कधी ‘बॉडी’ म्हणतो. तारायंत्राच्या संदर्भात पहिली दोन नावे अन्वर्थक होती; परतीच्या तारेऐवजी जमिनीचाच उपयोग करता येतो हे श्टाइनहाइल यांनी 1838 मध्ये दाखविले होते. रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा मात्र जमिनीशी असा काहीच संबंध नसतो. तेथे नाव उरले, वस्तू बदलली.

‘बॉडी’ हा शब्द याहून अधिक फसवा आहे. बॉडी पोलादी असते हे त्यात गृहीत धरलेले आहे. जीएमसी मोटरहोमच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा असून बाह्य आवरणाचा बराच भाग फायबरग्लासचा आहे. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. आणि अ‍ॅल्युमिनियम व पोलाद जेथे एकत्र येतात तेथे ओलाव्यामुळे गंज चढून सांध्याचा रोध वाढतो. अशा गाडीत ‘तार बॉडीला जोडली’ एवढ्याने परतीचा मार्ग पुरा झाला असे म्हणता येत नाही.

तिसरा शब्द ‘शॉर्ट’. व्यवहारात विजेच्या कोणत्याही बिघाडाला तो लावला जातो. वस्तुतः येथे तीन भिन्न दोष आहेत. धन तार यंत्रापर्यंत पोचण्यापूर्वीच सांगाड्याला टेकली तर प्रवाह बेसुमार वाढून फ्यूज उडतो. हाच खरा ‘शॉर्ट’, म्हणजे मंडल-संक्षेप. तार तुटली तर मंडल खंडित होते. यंत्र बंद पडते, पण फ्यूज शाबूत राहतो. सांधा गंजला तर यंत्र चालते, परंतु अशक्तपणे. या तिसऱ्या दोषाला बोलीत स्वतंत्र नाव नाही, आणि म्हणूनच बहुधा तो ओळखू येत नाही व सुस्थितीतील कॉम्प्रेसर विनाकारण बदलला जातो.

हा दोष लपून कसा राहतो, हे ओम यांनी 1827 मध्ये मांडलेल्या नियमावरून कळते. सांध्याचा रोध 0.3 ओहम आहे व कॉम्प्रेसर 10 अँपिअर प्रवाह घेत आहे असे समजू. त्या सांध्यावरच 3 व्होल्ट खर्ची पडतात. परंतु कॉम्प्रेसर सोडवून नुसत्या तारांच्या टोकांना मापक लावला तर प्रवाह जवळजवळ शून्य असल्याने हा ऱ्हासही शून्य होतो, आणि मापक बॅटरीचे पूर्ण 12.6 व्होल्ट दाखवितो. म्हणून मोजणी यंत्र चालू असतानाच करावयाची. मापकाचे एक टोक कॉम्प्रेसरच्या ऋण अग्रावर व दुसरे बॅटरीच्या ऋण अग्रावर ठेवावे. व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश दिसला तर परतीचा मार्ग ठीक आहे. 3 व्होल्ट दिसले तर दोष त्याच मार्गात आहे. सांधा घासून स्वच्छ करणे किंवा बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड तांब्याची तार नेणे हा त्यावरील उपाय.

अर्थात प्रत्येक दोष विजेचा नसतो. सर्व स्विच बंद असताना रात्रभरात एक बाजू खचत असेल तर प्रथम नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. कॉम्प्रेसर व्यवस्थित चालत असूनही पिशवी फुगत नसेल तरीही शोध हवेच्याच मार्गात सुरू करावा.

या साऱ्या तपासणीपूर्वीची एक अट मात्र अनुल्लंघनीय आहे. भरलेली गाडी पाच टनांहून जड असू शकते, आणि तिचा मागील भार हवेवर तोललेला असतो. एखादी तार हलताच झडप उघडली तर गाडी क्षणार्धात खाली बसेल. सांगाड्याखाली भक्कम आधार दिल्याखेरीज कोणीही तिच्याखाली शिरू नये. जॅक हा असा आधार नव्हे. ‘उचललेली’ गाडी आणि ‘आधार दिलेली’ गाडी यांत बोलताना भेद केला जात नाही. पण खाली निजून काम करणाऱ्याचे प्राण त्याच भेदावर अवलंबून असतात.