दुसरी गाडी घेण्याआधी केलेला हिशेब

२०२४च्या दसऱ्याआधीची गोष्ट. मला विजयनगरला नवीन नोकरी लागली होती आणि आमचं घर भंवरकुआंच्या आत, मुख्य रस्त्यापासून एक किलोमीटरवर. ऑफिस घरापासून नऊ किलोमीटर. नवरा कंपनीच्या बसने पीथमपूरला जातो. घरात सासऱ्यांची नऊ वर्षं जुनी गाडी आहे. ती दवाखान्याला, देवासच्या लग्नाला, उज्जैनला जायला काढायची, रोज ऑफिसला न्यायची नाही, असा अलिखित नियम. त्यामुळे घरात एकच विषय सुरू झाला : दसऱ्याला दुसरी गाडी घ्यायची.

गाडी पसंत झाली. ऑन-रोड आठ लाख. बँक सहा लाख द्यायला तयार होती. उरलेले दोन लाख कुठून आणायचे, यावर आम्ही दोघं बोलत असताना सासूबाई आतून म्हणाल्या, "माझी एफडी मोडा की. गुडघ्यांचं काय, पुढच्या वर्षी बघू."

ती एफडी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली होती आणि "पुढच्या वर्षी बघू" हे त्या तीन वर्षं म्हणत होत्या. मी म्हटलं, "अहो आई, थांबा. आधी गाडी रोज किती खाते ते तरी बघू." त्या रात्री वही घेऊन बसले. तो हिशेब इथे मांडते आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत आज हाच विषय चालू असेल.

पेट्रोल म्हणजे खर्च नव्हे

गाडीचा खर्च विचारला की आपण पेट्रोलचा आकडा सांगतो. माझंही तसंच झालं. रोजचे १८ किलोमीटर, शहरात लिटरला १५ किलोमीटर, पेट्रोल १०७ रुपये धरलं. रोजचे १२८ रुपये. यात काय मोठंसं?

मग बाकीचे रकाने भरायला घेतले. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालेल असं धरलं, म्हणजे ऑफिसचे ५,४०० आणि वरचे इकडचे-तिकडचे.

पहिला आणि सर्वांत मोठा रकाना घसाऱ्याचा. हा कुणी बिल पाठवून मागत नाही म्हणून दिसत नाही. पण विमा कंपन्यांकडे त्याचं कोष्टकच असतं. गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी कमी धरतात. ही टक्केवारी शोरूमच्या किमतीवर असते, रस्ता कर आणि नोंदणीचे पैसे त्यात नसतात. बाजारात भाव थोडा इकडे-तिकडे होईल, पण अंदाज येतो. आमच्या गाडीची शोरूमची किंमत सात लाख. पाच वर्षांनी साडेतीन लाख हातात आले तर आठ लाखांतले साडेचार लाख गेले. वर्षाला ९०,००० रुपये.

दुसरा रकाना व्याजाचा. सहा लाख, पाच वर्षं, साडेनऊ टक्के. हप्ता सुमारे १२,६०० आणि पाच वर्षांचं व्याज सुमारे १,५६,०००. वर्षाला ३१,०००.

बाकीचे रकाने असे :

- विमा, पाच वर्षांची सरासरी : २०,०००
- सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी : १२,०००
- पार्किंग, धुलाई, पीयूसी : ७,०००
- पेट्रोल : ५७,०००

एकूण वर्षाला २,१७,०००. महिन्याला १८,००० रुपये, किलोमीटरला २७ रुपये. पेट्रोल त्यातला जेमतेम पाव हिस्सा. ज्याला मी १२८ रुपयांचा प्रवास समजत होते, तो ४८६ रुपयांचा होता. आणि आईंच्या एफडीचं बुडणारं व्याज यात धरलेलंच नाही.

नवऱ्याने वही पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तरी पैसे खाते." अगदी तसंच. घसारा, व्याज आणि विमा मिळून वर्षाचे १,४१,००० होतात. दिवसाला ३८६ रुपये, गाडी दारात उभी असली तरी.

बाकीच्या तीन वाटा

मग तीच रीत इतरांना लावली. नाहीतर गाडीवर अन्याय झाला असता.

स्कूटी : किंमत एक लाख, पाच वर्षांनी ४०,००० मिळतील असं धरलं. घसारा १२,०००, विमा ३,०००, सर्व्हिसिंग आणि टायर ५,०००, वर्षाच्या ६,००० किलोमीटरला पेट्रोल १४,०००. एकूण ३४,०००. किलोमीटरला पावणेसहा रुपये.

बस : जाऊन-येऊन ४० रुपये, वर्षाचे ३०० दिवस, १२,०००. पावसात किंवा कंटाळा आला की बसथांब्यापर्यंत ई-रिक्षा, २,०००. शिवाय महिन्यातून चार वेळा कॅब, ९,६००. ही कॅब चैन नव्हे. ऑफिसातून निघायला साडेनऊ झाले की आमच्या गल्लीपर्यंतच्या अंधारात मी एकटी चालत येत नाही. बसचा खर्च सांगताना बायकांच्या बाबतीत हा रकाना धरलाच पाहिजे. एकूण २३,६००. किलोमीटरला साधारण साडेचार रुपये.

सायकल : १२,००० ची सायकल, पाच वर्षांनी २,००० ला गेली तर वर्षाला २,०००. हेल्मेट, दिवे, कुलूप, ट्यूब, ब्रेक यांचे आणखी २,०००. वर्षातले २०० दिवस चालवली तर ३,६०० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत. उरलेले १०० दिवस, मे महिन्याचं ऊन आणि आषाढाचा पाऊस, बसने गेलं तरी वर्षाचे सगळे मिळून ८,०००. नवरा म्हणाला, सकाळी एक प्लेट पोहे जास्त लागतील, तेही लिही. लिहिले.

वेळेचं काय?

सासऱ्यांचा मुद्दा बरोबर होता : "पैसे वाचतील, पण वेळ जाईल त्याचं काय?" गाडीने अर्धा तास. बसने जायचं तर १६ मिनिटं दोन्हीकडचं चालणं, १० मिनिटं वाट पाहणं, ३० मिनिटं बस. म्हणजे एका बाजूचा जवळजवळ तास.

यावर इव्हान इलिच या विचारवंताने १९७४मध्ये 'एनर्जी अँड इक्विटी' या पुस्तकात एक हिशेब मांडला होता. अमेरिकन माणूस गाडीत बसून जो वेळ घालवतो, त्यात गाडीचे पैसे कमावण्यासाठी राबलेला वेळही त्याने मिळवला. वर्षाला १,६०० तास आणि प्रवास ७,५०० मैल, म्हणजे १२,००० किलोमीटर. भागाकार केला तर ताशी साडेसात किलोमीटर.

मी तो माझ्यावर करून पाहिला. हातात पगार ४०,०००, महिन्याचे २०० तास, म्हणजे माझा एक तास २०० रुपयांचा. गाडीचे २,१७,००० कमवायला मला १,०८५ तास काम करावं लागेल. ८,००० किलोमीटर ताशी २० च्या सरासरीने चालवायला ४०० तास. एकूण १,४८५ तास. माझा खरा वेग ताशी ५.४ किलोमीटर! भरभर चालणारा माणूस याच वेगाने जातो.

तोच हिशेब बसला लावला तर ताशी साडेसात, स्कूटीला पावणेतेरा आणि सायकलला तेरा किलोमीटर. म्हणजे वेळ आणि पैसा एकत्र धरला तर सायकल स्कूटीच्या बरोबरीने धावते आणि गाडी सर्वांत मागे राहते.

हेही सांगायला हवं की पगार बदलला की हा हिशेब बदलतो. महिन्याला एक लाख हातात येणाऱ्याचा गाडीचा वेग साडेनऊवर जातो आणि बसच्या किंचित पुढे निघतो. सायकलला मात्र तो तरीही गाठत नाही.

वहीत न मावणारे खर्च

दोन गोष्टी आकड्यांत बसत नाहीत.

पहिली, जिवाची. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. स्कूटी हिशेबात छान दिसते, पण हा आकडा तिच्या शेजारी लिहायलाच हवा. सायकलवरही अंगाभोवती पत्रा नसतोच. म्हणून माझी सायकल एबी रोडने जात नाही, आतल्या रस्त्यांनी जाते. किलोमीटरभर लांब पडतं, चालेल. दोन्ही वाहनांवर हेल्मेट, आणि संध्याकाळी पुढे-मागे दिवे.

दुसरी, तब्येतीची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बसच्या निमित्ताने माझं रोज ३२ मिनिटं चालणं होतं. पाच दिवसांत १६०. जिमची फी आणि "उद्यापासून नक्की" दोन्ही वाचतं.

आणि जागा. एक गाडी उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साधारण १३५ चौरस फूट, लहानशी खोलीच. आमच्या गल्लीत लोकांनी ओटले तोडून गाड्यांना जागा केली. संध्याकाळी जिथे आज्या बसायच्या तिथे आता बंपर आहेत.

मग काय केलं?

दुसरी गाडी घेतली नाही. सायकल घेतली, बसचा पास काढला, आणि उशीर होणाऱ्या दिवसांसाठी कॅबचे पैसे डब्यात वेगळे ठेवले. दसऱ्याला पूजा सायकलची केली. सासऱ्यांनी हँडलला झेंडूचा हार घातला आणि शेजारच्या काकांनी विचारलंच, "भिया, गाडी आने वाली थी ना?"

सासऱ्यांची जुनी गाडी आहेच. तिचा घसारा बराचसा होऊन गेला आहे, कर्ज फिटलं आहे. चौघं मिळून उज्जैनला निघालो तर तीच काढायची. जाऊन-येऊन ११० किलोमीटरला पेट्रोल जेमतेम ८०० रुपये, चौघांत वाटले तर माणशी दोनशे. यातून मला एक गोष्ट उमगली. "गाडी घ्यायची का?" आणि "आज गाडी काढायची का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घेण्याआधी सगळे रकाने मोजायचे. एकदा घेतली की घसारा आणि विमा दोन्हीकडून जाणारच, मग फक्त पेट्रोल दिसतं आणि बस महाग वाटू लागते. म्हणून खरा निर्णय शोरूममध्ये शिरण्याआधीच होतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. आयबस २०१३ पासून स्वतःच्या वेगळ्या मार्गातून धावायची. फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने बीआरटीएसचा तो मार्ग काढायला परवानगी दिली आणि बस इतर गाड्यांच्या गर्दीत आली. माझ्या प्रवासात एका बाजूला दहा मिनिटं वाढली. हिशेब पुन्हा केला : बसचा वेग साडेसातवरून ६.६ वर आला. अजूनही गाडीच्या पुढे, पण अंतर कमी झालं. ३१ मे २०२५ला मेट्रो सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरच्या सहा किलोमीटरवर. माझ्या वाटेवर ती नाही. म्हणून आता सायकलचे दिवस वाढवले आहेत. हा हिशेब एकदा करून फ्रेममध्ये लावण्याचा नव्हे, दरवर्षी नव्याने करावा लागतो.

तुमचे आकडे माझ्यासारखे नसतील. ऑफिस २५ किलोमीटरवर असेल, रात्रपाळी असेल, घरी लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर गाडीच योग्य ठरेल, आणि मग ती मनात किंतू न ठेवता घ्यावी. फक्त घसारा, व्याज, विमा, दुरुस्ती, पार्किंग, पेट्रोल हे सहाही रकाने भरा, वर्षाच्या किलोमीटरने भागा, आणि शेजारी लिहा की हे पैसे दुसऱ्या कशासाठी ठेवलेले होते.

आमच्या वहीत त्या जागी "आईंचे गुडघे" लिहिलं होतं. जानेवारीत पहिल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एफडीच्याच पैशांतून. दुसऱ्यासाठी महिन्याला हप्त्याएवढे, १२,६०० रुपये, बाजूला पडत आहेत. हल्ली संध्याकाळी मी बसमधून उतरते तेव्हा कधीकधी आई थांब्यावर आलेल्या असतात. एक किलोमीटर, काठी न घेता. घरी परतताना आम्ही दोघी हळूहळू चालतो, आणि त्या प्रत्येक वेळी विचारतात, "आज बसला किती वेळ लागला गं?"