मेटल संगीतातील गिटारध्वनी

विद्युत् गिटारचा स्वर विवर्धकात, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये, हेतुपुरस्सर विकृत करून मिळविलेला भारदस्त ध्वनी. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा तो मुख्य आधार होय. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाच्या 1970 मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून या प्रकाराचा प्रारंभ मानला जातो. मुंबईत 2000 मध्ये डेमॉनिक रिझरेक्शन व 2003 मध्ये भयानक मौत हे या प्रकारचे वाद्यवृंद स्थापन झाले.

विवर्धकाच्या क्षमतेपेक्षा प्रबळ संकेत आला, की तरंगाची शिखरे छाटली जातात व मूळ स्वरात नसलेले अनेक अधिस्वर निर्माण होतात. गिटारची सर्वांत जाड तार सामान्यतः 82.4 हर्ट्झला लावतात. मेटलमध्ये ती याहूनही उतरवितात. खर्जाचा अंश अतिरिक्त असेल, तर विकृतीनंतर ध्वनी फुगीर व गढूळ होतो. म्हणून खर्ज विकृतीच्या आधीच कमी करतात. आयबानेझ कंपनीच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या उपकरणात सुमारे 720 हर्ट्झखालील स्वरांचे वर्धन उत्तरोत्तर कमी होते. विवर्धकापूर्वी ते जोडल्यास आघात स्पष्ट उमटतो. विकृती जितकी जास्त, तितका आघात बोथट. त्यामुळे मुद्रणात ती रंगमंचापेक्षा कमी ठेवणे इष्ट ठरते.

भारदस्तपणासाठी एकच तुकडा दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक डाव्या व दुसरा उजव्या बाजूस ठेवतात. एकाच मुद्रणाची प्रत दोन्ही बाजूंस ठेवल्यास विस्तार मिळत नाही, केवळ आवाज वाढतो. दोन्ही वादनांतील आघात मात्र तंतोतंत जुळावे लागतात. मिश्रणात गिटारचा सुमारे 80 ते 100 हर्ट्झखालील भाग गाळून ती जागा बेस गिटार व मोठ्या ढोलास देतात. श्रोत्यास जाणवणारा खर्ज बव्हंशी बेस गिटारचाच असतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरांत सदनिकेत मुद्रण करताना काही विशेष अडचणी येतात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबेल आहे. मोठा विवर्धक जवळून 100 डेसिबेलच्याही वर जातो. म्हणून गिटार थेट संगणकास जोडून विवर्धक व स्पीकर यांचे कार्य आज्ञावलीद्वारे साधतात. अशा वेळी 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची घरघर विकृतीमुळे ठळक होते. ती रोखण्यासाठी योग्य भूयोजन व विरामात आवाज बंद करणारे ‘नॉइज गेट’ वापरतात. शिवाय 3 मी. लांबीच्या खोलीत सुमारे 57 हर्ट्झचा स्थिर तरंग निर्माण होऊन खर्ज कोठे फुगतो, तर कोठे लोपतो. त्यामुळे मिश्रण हेडफोनवर व निरनिराळ्या स्पीकरांवर तपासावे लागते.

हे सर्व उपाय वादनास पूरक आहेत. तळहाताने तारा दाबून प्रत्येक स्वर वेळीच थांबविणे हे वादकाचेच काम असून ध्वनीचा घट्टपणा मुख्यतः त्यावर अवलंबून असतो.