एकर-गुंठा, हेक्टर-आर आणि मापांतराचे अध्यापन

मेट्रिक मापांचे परस्पर रूपांतर शिकविताना जी अडचण येते ती बहुधा गुणाकार-भागाकाराची नसते, लेखनपद्धतीची असते. दिंडोरीसारख्या द्राक्षबागायतीच्या तालुक्यात याचा प्रत्यय विशेष येतो. येथील विद्यार्थी घरी एकर-गुंठे ऐकतो, सातबारा उताऱ्यावर हेक्टर-आर वाचतो आणि वर्गात चौरस मीटरची उदाहरणे सोडवितो. या तिन्हींची सांगड घालून देण्याचे काम मात्र पाठ्यपुस्तक सहसा करीत नाही.

१९५६ च्या वजनमापविषयक कायद्याने भारतात मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तत्पूर्वी सोळा आण्यांचा रुपया, ऐंशी तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण होता. सोळा, चाळीस आणि ऐंशी या तिन्ही संख्यांना चारने भाग जातो. म्हणूनच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी यांचे पाठांतर त्या काळी व्यवहारास इतके उपयोगी पडे. ते पाठांतर गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला अवश्य विचारावा.

आता एक उदाहरण घेऊ. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. ‘२ एकर २० गुंठे’ हे क्षेत्र बोलीत व कागदावर ‘२.२०’ असे लिहिले जाते. येथील टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. ते केवळ एकर व गुंठे यांना वेगळे करणारे चिन्ह होय. क्षेत्र वस्तुतः अडीच एकर, म्हणजे सुमारे १.०१ हेक्टर आहे. विद्यार्थी ते दशांश अपूर्णांक समजून ०.४०४७ ने गुणतो आणि ०.८९ हेक्टर असे उत्तर काढतो. गुणाकार बिनचूक, पण जमीन बारा गुंठ्यांनी कमी! बांधावरून होणारी भांडणे याहून फार थोड्या जमिनीसाठी होतात, हे तालुक्यात कोणास सांगावयास नको.

हेक्टर-आरच्या बाबतीत टिंब खरोखरच दशांशचिन्हाचे काम करते, कारण शंभर आरांचा एक हेक्टर होतो. पण तेथेही ‘० हेक्टर ८ आर’ हे ०.०८ असे न लिहिता ०.८ असे लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतात. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा व आर १०० चौरस मीटरचा. दोन्ही जवळजवळ सारखे. अंदाजासाठी हे साम्य फार सोयीचे आहे, खरेदीखतासाठी नव्हे.

किलो-हेक्टो-डेकाची शिडी पाठ करवून ‘एक पायरी, एक शून्य’ असा नियम सांगण्याची प्रथा आहे. लांबीपुरता तो नियम चालतो. क्षेत्रफळास लावताच तो फसतो, कारण एका चौरस मीटरमध्ये शंभर नव्हे, दहा हजार चौरस सेंटिमीटर असतात. फळ्यावर एक मीटर बाजूचा चौरस काढून त्यात शंभर-शंभर चौरसांच्या शंभर ओळी बसतात हे एकदा दाखविले, की पुन्हा सांगावे लागत नाही. घनफळात ही चूक अधिकच वाढते. करंजवण, वाघाड येथील धरणांचा साठा दशलक्ष घनफुटांत सांगितला जातो. एक दशलक्ष घनफूट म्हणजे सुमारे २८,३१७ घनमीटर. फुटाचे मीटर करणारा ०.३०४८ हा गुणक घन न करता वापरल्यास उत्तर दहापटींहून अधिक फुगते.

प्रस्तुत लेखकाच्या मते शिडीपेक्षा एककांसह मांडणी करणे श्रेयस्कर. द्राक्षघडांसाठी जिबरेलिक ॲसिडचे ४० पीपीएम द्रावण शंभर लिटर करावयाचे आहे, असे समजा. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम, म्हणजेच दहा लक्ष मिलिग्रॅम; म्हणून १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. ४० मिलिग्रॅम प्रतिलिटर गुणिले १०० लिटर, बरोबर ४,००० मिलिग्रॅम. लिटरास लिटर छेदला जातो व मिलिग्रॅम उरतो. त्यास हजाराने भागता ४ ग्रॅम. जो विद्यार्थी ग्रॅमचे शंभर मिलिग्रॅम धरतो, त्याचे उत्तर ४० ग्रॅम येते. वहीत या चुकीस एक गुण जातो. बागेत मात्र दहापट मात्रेने घडाचे देठ कडक होतात आणि मणी गळू लागतात. म्हणून गणित मांडण्यापूर्वीच ‘नवे एकक मोठे की लहान, आणि त्यामुळे संख्या घटेल की वाढेल?’ हा प्रश्न विचारावा व त्याचे उत्तर विद्यार्थ्याकडून आकडेमोडीच्या आधी वहीत लिहून घ्यावे.