‘टी’कडून किती मागायचं?

हैदराबादच्या अमीरपेटमध्ये, मैत्रीवनमच्या आसपास, इमारतींची तोंडं जावा, डॉटनेट, पायथॉनच्या फलकांनी झाकलेली असतात. आंध्र-तेलंगणातल्या मुलांबरोबर नांदेड-लातूरकडची मुलंही इथे कोर्सला येतात. अशाच एका जावाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी एक जेनेरिक मेथड घडताना पाहिली.

फळ्यावर तीन मेथड होत्या. एक पूर्णांकांच्या यादीतला सर्वांत मोठा शोधणारी, दुसरी किमतींतली सर्वांत जास्त, तिसरी नावांतलं वर्णक्रमाने शेवटचं. सरांनी तिन्हींतले प्रकार पुसले. उरलेला मजकूर तंतोतंत सारखा निघाला: पहिला घटक मोठा धरा, यादीतून फिरा, त्याहून मोठा भेटला की तो धरा.

‘मग सगळीकडे ऑब्जेक्ट लिहू,’ एकाने सुचवलं. २००४ मध्ये जावाची पाचवी आवृत्ती येईपर्यंत रस्ता तोच होता. यादीत काहीही घाला. बाहेर काढताना ते काय आहे हे तुम्ही सांगा, म्हणजे कास्टिंग करा. चुकीचं सांगितलं तरी कंपायलर बहुतेकदा गप्प राहायचा आणि प्रोग्राम चालता चालता ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ देऊन कोसळायचा.

‘कास्टिंग नक्को,’ सर म्हणाले आणि पुसलेल्या जागी ‘टी’ लिहिला. आता टी म्हणजे जो प्रकार वापरणारा देईल तो. तेच संगणकावर लिहिताच कंपायलरने लाल रेघ ओढली. टी काहीही असू शकतो, तर दोन टींमधला मोठा कोणता हे ठरवायचं कशावरून? म्हणून अट आली: ‘टी एक्स्टेंड्स कम्पेअरेबल ऑफ टी’. ज्याला स्वतःची तुलना आपल्यासारख्याशी करता येते, त्यालाच प्रवेश. लाल रेघ गेली. पूर्णांक, किमती, नावं, तिन्ही एकाच मेथडमधून निघाली.

मग एका मुलीने ‘स्टुडंट’ची यादी दिली. कंपायलर अडला. सरांनी उलट विचारलं, ‘मोठा विद्यार्थी म्हणजे कोणता? गुणांनी की वयाने?’ हे मेथडला माहीत असायचं कारण नाही. बोलावणाऱ्याला माहीत असतं. म्हणून तुलनेची रीत, म्हणजे ‘कम्पॅरेटर’, बाहेरून दुसऱ्या पॅरामीटरमधून घेणारी जोडमेथड लिहिली. तिच्यात टीवर एकही अट उरली नाही.

खरी गंमत तारखांनी केली. ‘लोकलडेट’ची यादी पहिल्या मेथडने नाकारली. तारखांची तुलना तर होते! पण लोकलडेटला ती क्षमता ‘क्रोनोलोकलडेट’ या वरच्या इंटरफेसकडून मिळते. आमची अट मात्र ती थेट टीच्याच नावावर मागत होती. सरांनी जावाच्या लायब्ररीतली ‘कलेक्शन्स’मधली ‘मॅक्स’ उघडली. तिथे ‘कम्पेअरेबल ऑफ क्वेश्चनमार्क सुपर टी’ असं लिहिलेलं: तुलना वडिलोपार्जित असली तरी चालेल. शिवाय ती यादीचाही हट्ट धरत नाही, कुठलंही ‘कलेक्शन’ घेते. त्यामुळे सेटही आत येतो.

लायब्ररीची सिग्नेचर आमच्यापेक्षा लांब होती, मागणी मात्र कमी. मेथड अनेकांच्या उपयोगी पडते ती या कमी मागण्यामुळे. सरांनी गृहपाठही तसाच दिला: स्वतःच्या एका जुन्या मेथडमधली एकेक अट काढत जा, आणि कंपायलर जिथे अडेल तिथे थांबा.