अफिंग्टनचा पांढरा घोडा

इंग्लंडच्या दक्षिण भागात बर्कशायर डाउन्स नावाची खडूच्या टेकड्यांची लांब रांग आहे. वर गवताचा व मातीचा पातळ थर आणि त्याखाली शुभ्र खडूचा दगड, अशी येथील जमिनीची रचना. अफिंग्टन गावाजवळ या रांगेच्या उतारावर सुमारे ११० मीटर लांबीची, धावत्या घोड्याची आकृती दिसते. पायथ्याच्या प्रदेशाला तिच्यावरूनच 'पांढऱ्या घोड्याचे खोरे' हे नाव पडले. हा भाग १९७४ पासून ऑक्सफर्डशायर परगण्यात मोडतो.

या परिसरात दंतकथांना तोटा नाही. शेजारच्या सपाट माथ्याच्या लहानशा टेकडीवर संत जॉर्जने महासर्पाचा वध केला. त्याचे रक्त जेथे सांडले तेथे गवत उगवत नाही, असे लोक सांगतात. पश्चिमेस थोड्याच अंतरावर 'वेलँडची लोहारशाळा' आहे. तेथे घोडा बांधून एक नाणे ठेवावे, म्हणजे अदृश्य लोहार त्याला नाल ठोकून देतो, अशी समजूत होती. वस्तुतः ते नवाश्मयुगातील थडगे होय. हजारो वर्षांनी आलेल्या सॅक्सन लोकांना त्याचे कर्ते ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी ते आपल्या पुराणातील लोहाराच्या नावे केले.

घोड्याचेही तसेच झाले. इ. स. ८७१ मध्ये ॲशडाउनच्या लढाईत डेन लोकांवर मिळविलेल्या विजयाचे ते आल्फ्रेडने उभारलेले स्मारक, असे पुष्कळ जण मानीत. परंतु मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे मोजण्याच्या पद्धतीने १९९० नंतरच्या दशकात त्याचा काळ ठरविण्यात आला. तो इ. स. पू. १३८० ते ५५० यांच्या दरम्यानचा निघाला.

मग एवढा काळ ही आकृती टिकली कशी? खोदलेल्या चरांत खडू ठेचून भरून ती घडविलेली आहे. काही वर्षे दुर्लक्ष झाले, तर गवत तिला गिळून टाकील. म्हणून आसपासचे गावकरी ठराविक काळाने एकत्र येऊन गवत काढीत व नवा खडू भरीत. त्या निमित्ताने टेकडीवर जत्रा भरे, कुस्त्या होत. अशी शेवटची मोठी जत्रा १८५७ मध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून घोडा झाकण्यात आला होता. आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखाली स्वयंसेवक हातोड्यांनी खडू ठेचून बसवितात.

घोडा कशासाठी काढला, हे पिढ्यान्‌पिढ्या विसरल्या. त्याची निगा राखण्याचे मात्र कोणी विसरले नाही. अर्थ हरवला तरी कर्तव्य टिकले, आणि त्यामुळेच हा वारसा आजच्या माणसापर्यंत पोहोचला.