विद्यापीठप्रवेश आणि अभ्यासेतर सेवा : एका निकषाची चिकित्सा

विद्यापीठात प्रवेश कोणास द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. परंतु योग्यतेचे माप कशाने घ्यावयाचे आणि उच्च शिक्षणाचा लाभ कोणाच्या वाट्याला यावयाचा, हे दोन मूलगामी प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी परीक्षेच्या गुणांवर सोपविलेले असते. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत मात्र पदवी-अभ्यासक्रमासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेबाहेर काय केले, कोणती सेवा केली, कोणत्या मंडळाचे नेतृत्व केले, यांचीही मोजदाद होते. या निकषाचा उगम, त्याचे कार्य आणि त्याच्या मर्यादा यांचा थोडक्यात परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या पद्धतीचे बाह्य स्वरूप पाहू. तेथील अनेक विद्यापीठे ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा समाईक प्रवेशअर्ज स्वीकारतात. त्यात विद्यार्थ्यास जास्तीत जास्त दहा उपक्रम नोंदविता येतात. प्रत्येकाचे वर्णन अवघ्या १५० अक्षरचिन्हांत करावयाचे असून, त्यासाठी आठवड्याचे किती तास व वर्षाचे किती आठवडे दिले, हेही सांगावे लागते. हार्वर्ड विद्यापीठाविरुद्ध २०१४ साली दाखल झालेल्या खटल्यामुळे या नोंदींचे पुढे काय होते, यावर बराच प्रकाश पडला. अर्जदारास अध्ययन, अभ्यासेतर उपक्रम, क्रीडा आणि व्यक्तिमत्त्व अशा स्वतंत्र सदरांखाली एक ते सहा या श्रेणीत अंक दिले जातात व त्यांत एक हा सर्वोत्तम समजला जातो, असे त्या खटल्यात उघड झाले. म्हणजे ‘समग्र मूल्यमापन’ असे ज्यास म्हटले जाते, त्याच्या मुळाशीही अंकांची एक चौकट असतेच.

हा निकष आला कोठून? विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास व्हावा या उदात्त विचारातून तो जन्मला, अशी सामान्य समजूत आहे. इतिहास मात्र इतका निर्मळ नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर अवलंबून होता. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले त्या परीक्षेत चमकू लागली आणि १९२२ पर्यंत नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण एकवीस टक्क्यांवर गेले. तत्कालीन अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याचे सुचविले. अध्यापकवर्गाने ते मान्य केले नाही. तेव्हा जे दाराने साधले नाही, ते खिडकीने साधण्यात आले. १९२६ साली विद्यार्थ्यांची संख्या सीमित करून निवडीत ‘शील’ व व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व देण्याचे धोरण स्वीकारले गेले. अर्जात छायाचित्र मागणे, जन्मानंतर स्वतःच्या वा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय असे विचारणे, हीही त्याच काळातील साधने होत. त्यानंतर ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण झपाट्याने घसरले.

एखाद्या निकषाचा जन्म सदोष हेतूतून झाला, म्हणून तो आजही त्याच हेतूची सेवा करतो, असा निष्कर्ष काढणे तर्कशुद्ध होणार नाही. म्हणून त्याचे आजचे कार्य स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. त्याच्या समर्थकांची बाजूही दुबळी नाही. परीक्षेचे गुण हे शाळेच्या दर्जावर आणि शिकवणीच्या सोयीवर अवलंबून असतात. उलट चिकाटी, सहकार्य, उपक्रमशीलता हे गुण प्रश्नपत्रिकेत उमटत नाहीत. ते कोठेतरी पाहिले जावेत, ही अपेक्षा रास्तच आहे.

परंतु अनुभवाचा कौल निराळा पडतो. कॉमन ॲप्लिकेशनच्या सुमारे साठ लाख अर्जांचा एक अभ्यास २०२३ साली पुढे आला. सधन कुटुंबांतील व खाजगी शाळांतील विद्यार्थी अधिक उपक्रम, अधिक नेतृत्वपदे आणि अधिक सन्मान नोंदवितात, असे त्यात आढळले. याचे कारण गूढ नाही. वाद्यसंगीताचे शिक्षण, प्रवास, परगावची शिबिरे यांस पैसा लागतो. आणि त्याहून दुर्मिळ असा मोकळा वेळ लागतो. ज्या मुलास सायंकाळी दुकानात काम करावे लागते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, त्याच्याजवळ सेवावृत्ती नसते असे नाही. तिचे प्रदर्शन करावयास त्यास सवड नसते.

त्याच वर्षी राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी बारा अग्रगण्य खाजगी विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेशचाचणीचे गुण सारखेच असूनही, सर्वांत धनाढ्य अशा एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या विद्यापीठांत पोहोचतात, असे त्यांना दिसून आले. माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांना मिळणारे प्राधान्य, अभ्यासेतर गुणांचे वजन आणि खेळाडूंची भरती ही त्याची प्रमुख कारणे त्यांनी दाखविली. अधिक महत्त्वाचे म्हणजे, पुढील आयुष्यातील यशाची चाहूल अध्ययनविषयक गुणांवरून लागते. या तीन बाबींवरून ती लागत नाही, असाही निष्कर्ष त्यांनी काढला.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उपर्युक्त खटल्यात वंशाधारित प्राधान्य रद्द ठरविले; अभ्यासेतर उपक्रमांचा निकष मात्र त्यातून तसाच राहिला. सुधारणेचे विचार त्याआधीपासून चालू होते. हार्वर्डच्याच शिक्षणविद्यालयातून २०१६ साली निघालेल्या एका अहवालाने उपक्रमांच्या संख्येपेक्षा सातत्य पाहावे आणि घरासाठी केलेले श्रम हीही सेवाच मानावी, अशी शिफारस केली. इंग्लंडची रीत याहून वेगळी आहे. तेथे, विशेषतः ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे, विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जे केले ते निवडलेल्या विषयाशी कितपत संबद्ध आहे, हाच मुख्य प्रश्न असतो.

आपल्या देशासही हा विचार अपरिचित नाही. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, शालान्त शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची योजना मांडली होती. खर्च व संघटना यांच्या अडचणींमुळे ती अमलात आली नाही. पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी सदतीस विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती स्वेच्छेच्या पायावर. दोन वर्षांत २४० तासांची सेवा व एक विशेष शिबिर, असे तिचे स्वरूप आहे. या दोन योजनांतील भेद मननीय आहे. देशमुख समितीची सेवा सक्तीची असली तरी सर्वांना सारखी होती. तिच्यात कोणी कोणाच्या पुढे जाण्याचा प्रश्न नव्हता. अमेरिकन पद्धतीत सेवा नावापुरती ऐच्छिक, परंतु स्पर्धेचे साधन बनलेली असते. आपल्या काही विद्यापीठांत सेवेबद्दल जादा गुण देण्याची पद्धत आहे. तीही त्याच वाटेवरचे एक पाऊल नव्हे काय, याचा विचार व्हावयास हवा.

या विवेचनाचा आपल्या विभागाशी प्रत्यक्ष संबंध आहे. परदेशी जाऊ इच्छिणारे पदव्युत्तर विद्यार्थी पदवीप्रवेशाविषयीचा सल्ला स्वतःस लागू समजून प्रमाणपत्रांचा संग्रह करू लागतात. वास्तविक अमेरिकेत संशोधन-पदवीचा प्रवेश सामान्यतः त्या त्या विभागातील अध्यापकच ठरवितात; त्यांची दृष्टी संशोधनाची तयारी, उद्दिष्टांचे निवेदन आणि शिफारसपत्रे यांवर असते. तेथे दहा शिबिरांपेक्षा एक नीट तडीस नेलेला प्रबंध अधिक बोलतो. शिफारसपत्र लिहिणाऱ्या अध्यापकांवरही एक जबाबदारी येते. विद्यार्थ्याने घर चालविण्यासाठी नोकरी केली असेल, तर ती उणीव म्हणून झाकू नये. तिचा स्पष्ट उल्लेख करावा.

सेवेस शिक्षणात स्थान असावे, याबद्दल दुमत नाही. तथापि सेवा ही ज्या क्षणी प्रवेशाची किंमत होते, त्या क्षणी ती ज्याच्या खिशात आहे त्याच्याच कामी येऊ लागते. निकष कोणताही असो, तो कोणता गुण मोजतो हे विचारण्याबरोबरच, तो गुण दाखविण्याची ऐपत कोणाजवळ आहे, हेही विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य होय.